घर तिथंच, मतदारसंघ गेला

खेडवाली
४ जुलै २०२५, रात्री ९:१०

यंदा आबा हिवाळ्यात आमच्याकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला होते. (म्हाताऱ्या माणसाला हिवाळ्यात कोण बोलावतं, असं विचारू नका. तिकीट स्वस्त मिळालं.) २७ फेब्रुवारीला ओंटारियो प्रांताची निवडणूक झाली. त्याआधी घरी मतदाराचं माहितीकार्ड आलं, ते मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. त्यावर राइडिंग, म्हणजे मतदारसंघ, ब्रॅम्प्टन सेंटर. मग २८ एप्रिलला देशाची निवडणूक लागली. दुसरं कार्ड आलं, तेही त्याच चुंबकाखाली गेलं. त्यावर राइडिंग ब्रॅम्प्टन–चिंग्वाकूसी पार्क. आबा सकाळी चहाचा कप हातात धरून दोन्ही कार्डं वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही मधेच घर बदललंत की काय? मला कळलं नाही ते."

घर बदललं नाही, नकाशा बदलला. त्याची गोष्ट अशी की १९९६ साली माइक हॅरिस यांच्या सरकारने इथं एक कायदा केला. त्याचं नावच मुळी 'कमी राजकारणी कायदा' असं होतं, गंमत नाही. विधानसभेच्या १३० जागा एका फटक्यात १०३ वर आणल्या आणि ठरवलं की प्रांताने स्वतःच्या वेगळ्या सीमा आखत बसायचंच नाही, ऑटावाच्या, म्हणजे देशाच्या संसदेतल्या, खासदारांचे जे मतदारसंघ तेच आपल्या आमदारांचे. १९९९ पासून तसं चाललं. पण ऑटावाचा नकाशा दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर बदलतो. २०२३ च्या नव्या नकाशात ब्रॅम्प्टनच्या पाचाच्या सहा राइडिंग झाल्या. प्रांताने मात्र तो नकाशा अजून घेतलेला नाही. त्यामुळे दोन महिन्यांत दोन निवडणुका, दोन वेगळ्या सीमा, आणि मी त्याच सोफ्यावर.

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आमचं खेड गेलं तसंच."

आमचं गाव खेड तालुक्यात, रत्नागिरी जिल्हा. २००८ पर्यंत खेड हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ होता. फेररचनेत तो गेला. तालुक्याचे दोन तुकडे झाले, एक दापोलीला जोडला, दुसरा गुहागरला. आमचं गाव गुहागरात. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मध्ये वाशिष्ठी. आमच्या गावातून गुहागरला जायचं तर हायवेने चिपळूणला यायचं, तिथून खाली गुहागरकडे वळायचं. चिपळूण शहर वेगळ्या मतदारसंघात. म्हणजे आमदारांना त्यांच्या गावी गाठायचं तर मधे दुसऱ्या आमदाराच्या हद्दीतून जायचं. आबा १७ वर्षं हे सांगताहेत, प्रत्येक पाहुण्याला.

आता माझा खरा प्रश्न. ब्रॅम्प्टनची लोकसंख्या साडेसहा लाखांवर आहे, प्रांतात आमचे आमदार पाच. म्हणजे एकामागे सव्वा लाखाहून जास्त माणसं. ओंटारियोच्या उत्तर टोकाला कीवेटिनूंग नावाची राइडिंग आहे, तिथं ३३ हजारांच्या आसपास माणसं आणि आमदार एक. म्हणजे माझ्या मताची किंमत तिथल्या मताच्या पाव. हे वाचून मी चिडले. आणि मग आठवलं की खेडची जागा गेली तेव्हाही मी चिडले होते, नेमक्या उलट कारणासाठी. इथं मी गर्दीतली, तिथं मी ओसाडीतली. दोन्हीकडे अन्याय माझ्यावरच, असं कसं चालेल? कुणीतरी समजावून सांगा.

---

तळकोकणी
४ जुलै, रात्री ९:५२

ताई, तुमचा एक गेला. आमची तर गणतीच बदलली.

जुन्या यादीत महाराष्ट्रातला मतदारसंघ क्रमांक १ म्हणजे सावंतवाडी. २ वेंगुर्ला, ३ मालवण, ४ देवगड. शाळेच्या पुस्तकात पहिलं पान आपलं असावं तसं वाटायचं. २००८ नंतर यादी नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सुरू झाली आणि सावंतवाडी २७० वर गेली. वेंगुर्ला, मालवण, देवगड नावं पुसली गेली, कणकवली आणि कुडाळ आली. चाराचे तीन झाले.

लोकसभेचं तर विचारूच नका. राजापूर! नाथ पै तिथून निवडून यायचे, त्यांच्यानंतर मधू दंडवते. ते नाव २००९ पासून नाही. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग. वर तुमच्याकडची दापोली आणि गुहागर उचलून रायगडात टाकली. म्हणजे तुमच्या आबांचा आमदार गुहागरचा, खासदार रायगडचा, कलेक्टर रत्नागिरीचा. तीन गावांना तीन सलाम.

आमच्या आजीचा शेरा, २००९ मधला: "आमदार खंयचो, आम्ही खंयचे, मत कोणाक तां कळाक नाय."

---

आकडेमोड
४ जुलै, रात्री ११:३०

भावना बाजूला ठेवून पाटी-पेन्सिल घेऊ.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्र ९ कोटी ६९ लाख. जागा २८८. भागा. एका जागेमागे साधारण ३ लाख ३६ हजार. आता प्रत्येक जिल्ह्याच्या लोकसंख्येला त्या आकड्याने भागायचं.

रत्नागिरी १६ लाख ९७ हजार. उत्तर ५.०४. जागा पाच.
सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार. उत्तर २.५८. जागा तीन. (इथे मेहेरबानी झाली असं म्हणायला हरकत नाही.)
ठाणे, तेव्हा पालघरसकट, ८१ लाख ३२ हजार. उत्तर २४.१७. जागा चोवीस.
मुंबई शहर ३३ लाख ३८ हजार. ९.९२. जागा दहा.
मुंबई उपनगर ८६ लाख ४० हजार. २५.६९. जागा सव्वीस.

यात कुणाचा डाव दिसतो का? मला दिसत नाही, भागाकार दिसतो. त्याआधी ठाण्याच्या १३ होत्या, मुंबई शहराच्या १७, उपनगराच्या १७, रत्नागिरीच्या ७. कारण तो जुना नकाशा १९७१ च्या जनगणनेवर होता आणि १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला. तीस वर्षं गोठलेलं पाणी एकदम वितळलं, म्हणून पूर आल्यासारखं वाटलं. दर दहा वर्षांनी थोडं थोडं झालं असतं तर खेडही गेलं असतं, पण आबांना १७ वर्षं सांगायला गोष्ट मिळाली नसती.

कोकणच एकटं नाही. खुद्द मुंबई शहराच्या सात गेल्या. गिरणगावातून माणसं उठली ती बोरिवली, कल्याण, विरारला गेली. जागा त्यांच्यामागे गेल्या.

---

बोरिवलीचा चाकरमानी
५ जुलै, सकाळी ८:०५

हेच लिहायला आलो होतो. रत्नागिरीच्या दोन जागा कुठेही गेल्या नाहीत. त्या आमच्याबरोबर लोकलला लटकून बोरिवली-नालासोपाऱ्याला आल्या. नालासोपारा हा मतदारसंघच २००९ चा. तिथल्या यादीत आडनावं वाचा, अर्धी यादी गणपतीला चिपळूणला उतरते.

माणूस जिथे राहतो, पाणी भरतो, गाडीला लोंबकळतो, तिथे त्याचा आमदार असायला हवा. मी वर्षातले ३४० दिवस इथे आहे. मग माझा वाटा गावाकडे कशाला मोजायचा?

---

खेडवाली
५ जुलै, सकाळी ८:४० (तुमच्याकडची संध्याकाळ)

@बोरिवलीचा चाकरमानी, बरोबर आहे तुमचं. पण गावात कोण राहिलं ते बघा ना. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका. हा काही आमच्याकडे मुली जास्त जन्मतात म्हणून आलेला आकडा नाही. पुरुष मुंबईला. मागे बायका, म्हातारे, पोरं, आणि डोंगरात विखुरलेल्या वाड्या. ज्यांना आमदाराची सगळ्यात जास्त गरज, त्यांचाच आमदार लांब गेला. तुम्हाला आमदार नाही भेटला तर नगरसेवक भेटेल, सोसायटीचा सेक्रेटरी भेटेल. आमच्या वाडीवरच्या साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं) लाकूड कुजलं की काकू कुणाकडे जाणार?

आणि काल रात्री आबांना फोनवर भागाकार वाचून दाखवला. म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण त्याला सांग, गणिताला वाशिष्ठी ओलांडायची नसते."

---

आकडेमोड
५ जुलै, सकाळी ९:१५

आबांना दंडवत. _/\_

---

पिंपळपार
५ जुलै, सकाळी १०:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या. फक्त एक करा, कुठल्या नेत्याचं तिकीट कुणी कापलं हे सुरू करू नका, मागचा धागा त्यावरच बंद झाला होता.

---

सूलुकआउट
५ जुलै, दुपारी १२:२०

मूळ पोस्टमध्ये कीवेटिनूंगचं नाव बघून लॉगिन केलं, दोन वर्षांनी. मी या राइडिंगमध्ये राहिलो आहे. सू लुकआउट नावाच्या गावात तीन हिवाळे काढले, कामानिमित्त.

ताई, पाव किमतीचं गणित बरोबर आहे, पण क्षेत्रफळही बघा. ही एक राइडिंग जवळजवळ तीन लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्र तीन लाख आठ हजाराच्या आत. अख्ख्या महाराष्ट्राएवढ्या जागेत ३३ हजार माणसं आणि एक आमदार, असं समजा. त्यात प्रांताचा महामार्ग उत्तरेकडे पिकल लेक नावाच्या गावापर्यंत जातो आणि संपतो. खरंच संपतो. त्यापलीकडची आदिवासी गावं विमानानेच गाठायची. हिवाळ्यात तळी आणि दलदल गोठली की त्यावरून काही आठवडे बर्फाचा रस्ता करतात. त्या आठवड्यांत वर्षाचं डिझेल, सिमेंट, फर्निचर वर जातं. हिवाळा उबदार गेला की रस्ता उशिरा होतो, मग सगळं विमानाने, आणि एका दुधाच्या कॅनची किंमत ऐकून तुम्ही ब्रॅम्प्टनच्या मताचं दुःख विसराल.

या राइडिंगचा जन्मही सांगतो. आधी केनोरा–रेनी रिव्हर आणि टिमिन्स–जेम्स बे अशा दोन अवाढव्य राइडिंग होत्या. २०१७ मध्ये अतिउत्तरेसाठी वेगळा आयोग नेमला आणि दोनाच्या चार केल्या. २०१८ च्या निवडणुकीपासून कीवेटिनूंग आणि मशकेगोवुक–जेम्स बे या दोन नव्या. म्हणून विधानसभेत १२४ जागा आहेत, नाहीतर १२२ असत्या. कीवेटिनूंग म्हणजे त्यांच्या भाषेत उत्तर दिशा. प्रांतातली ही पहिली राइडिंग जिथे मूळनिवासी बहुसंख्य आहेत. तिथले आमदार सॉल ममाक्वा, स्वतः किंगफिशर लेकचे. २८ मे २०२४ ला ते क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे प्रांताच्या विधानसभेत, आपल्या मातृभाषेत बोलले आणि सभागृहात त्याचा अनुवाद झाला. त्या विधानसभेच्या इतिहासात हे पहिल्यांदा. पाहुण्यांच्या गॅलरीत त्यांच्या गावची माणसं आली होती.

लोकसंख्येच्या भागाकाराने ही राइडिंग कधीच झाली नसती. मला त्यात अन्याय वाटत नाही. पण मी तिथे राहिलोय, तेव्हा माझं मत पक्षपाती धरा.

---

खेडवाली
५ जुलै, दुपारी १२:५५

महाराष्ट्राएवढी! हे मला माहीत नव्हतं. राग अर्धा उतरला. अर्धा अजून आहे.

---

कलम१७०
५ जुलै, दुपारी ३:४५

आता कायद्याचं बघू, कारण ताईंच्या दोन रागांतला फरक तिथेच आहे.

आपल्या राज्यघटनेचं कलम १७० म्हणतं की राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण शक्य तितकं राज्यभर सारखं असावं. 'शक्य तितकं' हे दोन शब्द आहेत, पण वजन 'सारखं' या शब्दावर. २००२ चा पुनर्रचना कायदा पुढे सांगतो की भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी, लोकांची सोय हेही बघा. पण ते कशासाठी? जिल्ह्याच्या वाट्याला जागा किती हे लोकसंख्येने ठरल्यावर, त्या जिल्ह्याच्या आत रेघा कशा मारायच्या त्यासाठी. डोंगर आहे म्हणून जास्त जागा, असा हिशेब त्यात नाही. (वाशिष्ठीचा मुद्दा मात्र या 'दळणवळणा'त बसतो. आबांनी तेव्हाच्या जाहीर सुनावणीत हरकत नोंदवायला हवी होती.)

कॅनडाची गोष्ट वेगळी. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर सास्काचेवान प्रांताच्या सीमांचं प्रकरण गेलं. त्या प्रांताने शहरी, ग्रामीण आणि उत्तरेकडच्या जागा वेगळ्या ठरवल्या होत्या. दक्षिणेत सरासरीपेक्षा २५ टक्के कमी-जास्त चालेल, उत्तरेच्या दोन जागांना ५० टक्क्यांपर्यंत. न्यायालयाने ते मान्य केलं. न्या. मॅकलॅक्लिन यांच्या निकालाचा गाभा असा की मताचा हक्क म्हणजे तंतोतंत समान वजन नव्हे, परिणामकारक प्रतिनिधित्व. भूगोल, समाजाचा इतिहास, अल्पसंख्याकांचं स्थान हे सगळं मोजता येतं.

ओंटारियोने तीच वाट धरली. ऑटावाच्या नकाशात उत्तर ओंटारियोच्या जागा कमी होत गेल्या, आता नऊ आहेत. पण प्रांताने २००५ च्या कायद्यात 'उत्तरेच्या ११ हलवायच्या नाहीत' असं लिहून टाकलं आणि नंतर दोन वाढवल्या. तोच भूभाग, तीच माणसं, खासदार नऊ, आमदार तेरा.

तुमचं खेड उत्तर ओंटारियोत असतं तर वाचलं असतं.

---

टोरांटोवाला
५ जुलै, सायंकाळी ६:१०

ओंटारियोचं फार कौतुक चाललंय म्हणून थोडं मीठ. २०१८ मध्ये टोरांटो महापालिकेची निवडणूक ऑक्टोबरात होती. ४७ प्रभाग ठरले होते, उमेदवार दारोदार फिरत होते. जुलैअखेर प्रांत सरकारने ठरवलं की प्रभाग २५ आणि त्यांच्या सीमा राइडिंगच्याच. ऐन प्रचारात. माझ्या शेजारच्या बाईंनी छापलेली पत्रकं गॅरेजमध्ये पडून राहिली, कारण त्यांचा प्रभागच उरला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल सरकारच्या बाजूने लागला.

आणि ब्रॅम्प्टनचं म्हणाल तर हा नकाशा कधीच स्थिर नव्हता. बिल डेव्हिस १४ वर्षं प्रांताचे मुख्यमंत्री होते, ब्रॅम्प्टनचे. १९५९ मध्ये ते पील या राइडिंगचे आमदार, १९६७ पासून पील नॉर्थचे, १९७५ पासून ब्रॅम्प्टनचे. माणूस तोच, पत्ता तोच. शहर वाढत गेलं आणि राइडिंग आकसत गेली. तुमच्या फ्रिजला तेव्हा तीन चुंबकं लागली असती.

---

मीठमासळी
६ जुलै, सकाळी ७:३०

हॅलिफॅक्सहून. आमच्या नोव्हा स्कोशियात याहून मजेदार प्रकार झाला.

इथे फ्रेंच बोलणारे अकेडियन लोक आहेत, थोडे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने विखुरलेले. १९९२ च्या फेररचनेत त्यांच्यासाठी क्लेअर, आर्गाइल, रिचमंड अशा तीन छोट्या राइडिंग ठेवल्या, आणि कृष्णवर्णीय वस्तीसाठी प्रेस्टन. मतदार सरासरीच्या निम्म्याच्या आसपास असले तरी चालेल म्हणून. २०१२ मध्ये सरकारने २५ टक्क्यांच्या मर्यादेचा आग्रह धरला. आयोगाचा पहिला अहवाल परत पाठवला आणि चारही गेल्या. अकेडियन कोर्टात गेले. २०१७ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने सांगितलं की हे घटनाबाह्य झालं. मग नवा आयोग, ५१ च्या ५५ जागा आणि २०२१ च्या निवडणुकीत चारही परत.

गेलेला मतदारसंघ परत आलेला मी तरी हा एकच पाहिला.

---

मच्छेकर
६ जुलै, सकाळी ११:१८

मीठमासळी, हे वाचून पोटात कालवलं. मी बेळगावचा.

आमच्याकडे उचगाव नावाचा मतदारसंघ होता. बेळगावच्या भोवतीची मराठी खेडी त्यात. महाराष्ट्र एकीकरण समितीचा हक्काचा. २००४ मध्येही समितीच निवडून आली तिथे. २००८ च्या फेररचनेत उचगाव गेला, बागेवाडीही गेला, बेळगाव ग्रामीण तयार झाला. त्या निवडणुकीत समितीचा एकही आमदार आला नाही. दोष सगळा नकाशाचा म्हणणार नाही. आमच्यातली भांडणं नकाशाने नाही लावली, ती आम्हीच लावली. एका जागेला दोन-दोन 'अधिकृत'. पण गावं ज्या पद्धतीने मिसळली गेली, त्यात आमचं एकगठ्ठा बळ विरलं हे खरं.

अकेडियन कोर्टात गेले, जिंकले. आम्ही जायचं तर कुठे? आपल्या कायद्यात आयोगाचा आदेश एकदा राजपत्रात आला की त्याला कोर्टात आव्हान नाही, असं कलमच आहे. वकीलसाहेब, बरोबर का?

---

कलम१७०
६ जुलै, दुपारी १२:०५

बरोबर. २००२ च्या कायद्याचं कलम १०. आदेशाला कायद्याचं बळ आणि न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नाही, असं ते म्हणतं. (आदेश उघडउघड मनमानी असेल तर घटनात्मक न्यायालयं तो तपासू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं.) मेघराज कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या कायद्याबद्दल हेच सांगितलं होतं, आणि कारणही पटण्यासारखं आहे. प्रत्येक रेघेवर खटला चालला तर निवडणूक कधी व्हायचीच नाही. पण त्याची किंमत उचगावसारख्यांनी मोजली.

---

बोरिवलीचा चाकरमानी
६ जुलै, दुपारी १:४०

सगळं वाचलं. कीवेटिनूंगबद्दल काही म्हणणं नाही, तिथे रस्ताच नाही. पण रत्नागिरी म्हणजे कीवेटिनूंग नव्हे हो. हायवे आहे (वर्षानुवर्षं होतोय, पण आहे), कोकण रेल्वे आहे. दापोलीचा आमदार खेडला तासाभरात येतो. आणि तुम्ही गावाला जास्त वजन दिलंत, तर ते वजन येतं कुणाच्या खात्यातून? माझ्या. दिवा स्टेशनवर पहाटेच्या गाडीत जागेसाठी मारामारी करणाऱ्या माणसाच्या खात्यातून. तोही कोकणातलाच, त्याचीही आई गावाला. त्याच्या मताची किंमत पाव करायची का, जशी ताईंची ब्रॅम्प्टनला झाली?

---

तळकोकणी
६ जुलै, दुपारी २:२२

पाव नको, पाऊण कर. भाऊच ना रे आपण.

---

आकडेमोड
६ जुलै, रात्री १०:४५

थोडं पुढचं. मी भीती घालत नाही, भागाकारच करतोय.

२०११ मध्ये महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख. जागा २८८ च धरल्या तर एकामागे ३ लाख ९० हजार. रत्नागिरी २००१ पेक्षा कमी भरली, १६ लाख १५ हजार. उत्तर ४.१४. सिंधुदुर्गही घटला, ८ लाख ५० हजार. उत्तर २.१८. म्हणजे २०११ च्या हिशेबानेच पाचाचे चार आणि तिनाचे दोन होतात.

८४ व्या दुरुस्तीने जागांचा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेला आहे, आणि ती जनगणना २०२७ ला जाहीर झाली आहे. एकूण जागा वाढल्या तर चित्र बदलेल, कदाचित पाच पाचच राहतील. पण राज्य वाढतंय आणि जिल्हा घटतोय, तेव्हा वाटा कमीच होणार. दोन्ही जिल्हे मिळून आता आठ आहेत. जुन्या नकाशात अकरा होते.

---

सूलुकआउट
६ जुलै, रात्री ११:३०

अकराचे आठ. तिकडे अकराचे तेरा. आकडा तोच असल्यामुळे टोचलं.

---

खेडवाली
७ जुलै, सकाळी ७:५०

रविवारी आबांना अख्खा धागा फोनवर वाचून दाखवला. तास लागला, मधे दोनदा रेंज गेली. (गावात टॉवर आहे, पण लाइट गेली की तोही जातो.)

त्यांचे निरोप असे. आकडेमोड यांना: "चाराचं कळलं. मग दापोलीला की चिपळूणला, तेवढं आधी सांगा." मच्छेकरांना: "एका जागेला दोन अधिकृत हा रोग बेळगावचा नाही, आमच्या वाडीच्या मंडळातही आहे." वकीलसाहेबांना: सुनावणीचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, पेपरात बारीक अक्षरात आलं असेल तर तो पेपर त्या दिवशी पुड्या बांधायला गेला असेल.

चाकरमान्यांच्या पाऊण-पावाच्या हिशेबावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्याचं घर कुठल्या वाडीत ते विचार. गणपतीला येईल तेव्हा आमच्याकडे घेऊन ये, त्याला साकव दाखवतो. लाकूड अजून तेच आहे.

मी ब्रॅम्प्टनमधून कशी घेऊन येणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. चाकरमानी, वाडी कुठली हो तुमची?

---

बोरिवलीचा चाकरमानी
७ जुलै, सकाळी ९:०५

धामणंद. आबांना सांगा, २६ ऑगस्टच्या गाडीचं तिकीट आहे. वेटिंग ११२.